पंचक्रोशीत राहणं आणि पंचक्रोशी करणं

प्रश्न यवतमाळकडच्या एका खेड्यातून आला आहे. भागवत सप्ताहाच्या पत्रिकेत "पंचक्रोशीतील समस्त भाविकांनी महाप्रसादाचा लाभ घ्यावा" असं छापतात, आणि मोठे बाबा काशीहून आले की "पंचक्रोशी करून आलो" म्हणतात. हा शब्द एकच की दोन? आणि "पंचकोशी" लिहिलं तर चालतं का?

शब्द एकच. पाच क्रोशांचा समाहार ती पंचक्रोशी. द्विगु समास, म्हणून पंचवटीसारखाच स्त्रीलिंगी. क्रोश म्हणजे आपला कोस, ढोबळ मानाने दोन मैल. म्हणजे गाव मधोमध धरून चहूकडे सोळा-एक किलोमीटर. पत्रिका छापणारा अर्थातच मोजत बसत नाही. ज्या गावांतून माणसं बैलबंडीनं जेवायला येऊन रात्री परत जात, ती सगळी पंचक्रोशीत आली. फक्त "पंचक्रोशी परिसरातील" लिहू नये. परिसर त्यात आलाच.

काशीत हाच शब्द क्षेत्रावरून वाटेवर सरकला. तिथे मध्यमेश्वराचं देऊळ हा मध्य आणि पश्चिमेचा देहली विनायक ही कड, असं पाच कोसांचं क्षेत्र परंपरेनं धरलं आहे. त्याच्या कडेनं जी प्रदक्षिणा घालतात तिलाही पंचक्रोशीच म्हणतात. म्हणून "पाच कोस तर चालायचं" असं समजून निघालेल्याची फजिती होते. वाट पंचवीस कोसांची, सुमारे ऐंशी किलोमीटर. त्रिज्या पाच धरली तर पूर्ण वर्तुळ एकतीस कोसांचं व्हायला हवं. पण पूर्वेला गंगा आडवी आहे, वाट पलीकडे जातच नाही, काठाकाठानं परत येते.

पाच मुक्काम म्हणून पंचक्रोशी, हेही सर्रास ऐकू येतं. मुक्काम पाचच आहेत, पण टप्पे सहा पडतात आणि सारखे नाहीत. मणिकर्णिका घाटावरून कर्दमेश्वर तीन कोस, तिथून भीमचंडी पाच, रामेश्वर सात, शिवपूर चार, कपिलधारा तीन, आणि परत मणिकर्णिका तीन. भीमचंडी ते रामेश्वर हा टप्पा पायांची परीक्षा घेतो. पहिल्या दिवशी तीनच कोस झाले म्हणून हुरळून जाऊ नये. देवळं उजव्या हाताला राहतात, धर्मशाळा बहुतेक डावीकडे, म्हणजे क्षेत्राबाहेर. लघुशंकेलाही डावीकडेच उतरायचं, हा नियम जुनी मंडळी कटाक्षानं पाळतात.

वाक्यात अर्थ ओळखणं सोपं आहे. "पंचक्रोशीत", "पंचक्रोशीतला" असा प्रत्यय लागला की बहुधा मुलूख. "करणे", "घडणे" आलं की यात्रा.

"पंचकोसी" हे हिंदीतलं रूप, त्यात चूक नाही. "पंचकोशी" मात्र मराठीत टाळावं. त्यानं वेदान्तातले अन्नमय, प्राणमय वगैरे पाच कोश, म्हणजे आत्म्यावरची आवरणं, डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांचा पायपिटीशी संबंध नाही.

जाता जाता, उज्जैनलाही पंचक्रोशी आहे, 118 किलोमीटरची. ती वैशाख कृष्ण दशमीला सुरू होऊन अमावास्येला संपते. पण तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा वैशाख कृष्ण पक्ष म्हणजे आपला चैत्र वद्य. आपल्या कॅलेंडरात वैशाख वद्य बघून रेल्वेचं तिकीट काढलं, तर यात्रा उठून महिना झालेला असतो.