शेक घेतलेल्या छातीवर इम्प्लान्ट बसवावा का?

ताई, मी ४७ वर्षांची, नागपूरच्या एका शाळेत शिक्षिका आहे. दीड वर्षापूर्वी कॅन्सरमुळे डावा स्तन काढला. केमो झाली, मग पंचवीस शेक (रेडिएशन) झाले. आता सगळे रिपोर्ट चांगले आहेत. ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवते, पण फळ्यावर लिहायला हात वर केला की ती सरकते आणि मी मुलांकडे पाठ करून ती सावरत राहते. प्लास्टिक सर्जन म्हणाले, इम्प्लान्ट, म्हणजे छातीत आतून कृत्रिम स्तन, बसवता येईल. सासूबाई म्हणतात, "आता या वयात कायले पायजे हे?" नवरा म्हणतो, "तुला वाटेल ते कर." मे महिन्याच्या सुट्टीत उरकून घ्यावं असं मनात आहे. पुन्हा पहिल्यासारखं होईल का? आणि ही माझी नुसती हौस तर नाही ना?

– एक वाचक, नागपूर

हौस मुळीच नाही. भर वर्गात जिला रोज ब्लाउज सावरावा लागतो, तिला त्यातून सुटका हवी असणं अगदी रास्त आहे. सासूबाईंशी वयावरून वाद घालू नका. साठी ओलांडलेल्या बायकाही ही शस्त्रक्रिया करून घेतात. तुमच्या बाबतीत खरा विचार करायचा तो त्या पंचवीस शेकांचा. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख अर्ध्या ओळीत उरकलात, डॉक्टरांसमोर तसं होऊ देऊ नका.

शेक दिलेल्या जागेची कातडी आणि खालचा स्नायू आखडतो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो. इम्प्लान्ट कुणालाही बसवला तरी शरीर त्याच्याभोवती एक पातळ आवरण तयार करतं, त्यात वावगं काही नाही. पण शेक घेतलेल्या छातीत हेच आवरण जाड होऊन इम्प्लान्टला आवळण्याची शक्यता बरीच वाढते. मग स्तन कडक होतो, वर ओढल्यासारखा दिसतो, कधी दुखतोही. जखम भरायला वेळ लागतो, आणि आत जंतुसंसर्ग झाला तर इम्प्लान्ट काढावाही लागू शकतो. अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शेक झालेल्या ज्या बायकांनी इम्प्लान्ट बसवला, त्यांच्यात दोन वर्षांत १०० पैकी सुमारे ३९ जणींना काही ना काही गुंतागुंत झाली. शेक न झालेल्यांत हेच प्रमाण सुमारे २२ होतं. शेक झालेल्या ज्या बायकांनी स्वतःच्याच शरीराची कातडी-चरबी वापरून स्तन करून घेतला, त्यांच्यात ते सुमारे २६ होतं.

म्हणून डॉक्टरांना दुसऱ्या वाटेबद्दलही विचारा. पोटाची चरबी आणि कातडी किंवा पाठीचा स्नायू वापरूनही स्तन घडवता येतो, त्याला फ्लॅप म्हणतात. ही शस्त्रक्रिया मोठी आहे, पोटावर किंवा पाठीवर आणखी एक व्रण येतो, उठून कामाला लागायला जास्त दिवस लागतात. पण शेक घेतलेल्या जागेवर निरोगी, रक्तपुरवठा असलेली कातडी येते, आणि दोन वर्षांनी बायकांनाच विचारलं तेव्हा आपल्या स्तनाबद्दल फ्लॅपवाल्या जास्त समाधानी आढळल्या. मधुमेह, तंबाखू, वजन, चालू असलेली हॉर्मोनची गोळी, यातलं काहीही असेल तर ते लपवू नका. निर्णय त्यावरही फिरतो.

पहिल्यासारखं होईल का? नाही होणार, आणि हे आधीच कळलेलं बरं. आकार येईल, स्पर्श बहुतेक येणार नाही, ती जागा बधिरच राहते. नागपूरच्या डिसेंबरात इम्प्लान्ट हाताला गार लागतो. निपल हवं असेल तर त्याची छोटी शस्त्रक्रिया किंवा टॅटू वेगळा. उजवा स्तन वयाबरोबर उतरत जाईल, डावा तिथेच राहील, म्हणून पुढे उजव्यावरही शस्त्रक्रिया करावी लागू शकते. इम्प्लान्ट जन्मभराचा नसतो. सिलिकॉनचा असेल तर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून तो फाटला नाही ना हे बघायचं असतं. त्याने कॅन्सर परत येतो, ही भीती मात्र मनातून काढून टाका. सगळं नीट पार पडलं तर ब्लाउज दोन्ही बाजूंनी भरलेला बसतो आणि काही सरकत नाही. तुम्हाला मुख्यतः तेच हवं असेल, तर ते मिळण्यासारखं आहे.

मे महिन्याचा बेत मात्र सोडा. इम्प्लान्टसाठी स्तन काढलेल्या जागेची कातडी आधी ताणून घ्यावी लागते. त्यासाठी आत एक पिशवी बसवतात, दर एक-दोन आठवड्यांनी सुईने तिच्यात सलाईन भरतात, आणि काही महिन्यांनी ती काढून इम्प्लान्ट ठेवतात. एका सुट्टीत हे बसत नाही. शिवाय पारा ४५ वर असताना घट्ट सर्जिकल ब्रा आणि जखमेतलं पाणी काढणारी ड्रेनची नळी लावून राहण्याचे हाल कशाला? तोवर रुमालाऐवजी आत खिसा शिवलेली ब्रा घ्या आणि खिशात पॅड ठेवा, तो जागचा हलत नाही. उन्हाळ्यात सुती पॅड, एरवी वजनदार सिलिकॉनचा. कित्येक जणी त्यावरच समाधानाने थांबतात. तुम्हालाही तसं वाटलं तर कुणाला कारण द्यायची गरज नाही.

नवरा चांगलं बोलतोय, पण सगळा भार तुमच्यावर टाकून मोकळा झालाय. त्याला म्हणा, पुढच्या वेळी बाहेर बाकावर बसायचं नाही, माझ्याबरोबर आत यायचं. त्याने अजून व्रण पाहिला नसेल तर तो आधी दाखवा. अंधारात कपडे बदलत राहिलात तर इम्प्लान्टने ते अवघडलेपण जाणार नाही.

आणखी एका ठिकाणी सल्ला घ्या. कॅन्सर सर्जन, शेक देणारे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन तिघांनी मिळून तुमची फाईल पाहायला हवी. नागपुरातच तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. नुसत्या सल्ल्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. जिथे कराल तिथल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला), महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं आणि काय नाही, हे तारीख ठरवण्याआधी विचारा. शेकाचा संपूर्ण कागद बरोबर न्या. सर्जनला सरळ विचारा: शेक झालेल्या किती जणींना तुम्ही इम्प्लान्ट बसवलाय, आणि त्यातल्या किती जणींचा काढावा लागला? उत्तर आकड्यात मिळालं नाही, तर संमतीपत्रावर सही करू नका.