सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या युनिटसाठी शिलाई कारागीर व्हॉट्सॲप ग्रुपवरून मिळतील का?

मिळतील, पण मेसेजमध्ये नगामागे दर स्पष्ट लिहिलात तरच. अशाच युनिटची भरती मी सांभाळते. ‘पगार भेटीअंती’ असं टाकलं की फोनच येत नाहीत. कॉलरला किती, खिशाला किती, मशीन कोणतं, सुटी कधी, हे आधीच सांगा. शहराच्या पूर्व भागात पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात, म्हणून मराठीसोबत तेलुगूतही आवाजी मेसेज टाका. तो ऐकला जातो आणि पुढेही पाठवला जातो. नोंदणी फी अजिबात मागू नका, खोट्या जाहिरातींनी बायका फार पोळल्या आहेत. कटिंग मास्टर, म्हणजे कापड बेतून कापणारा कारागीर, मात्र ग्रुपवर सहसा मिळत नाही. त्यासाठी आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनाच विचारा, आणि घेण्याआधी एक दिवस काम करवून बघा, त्या दिवसाचे पैसे देऊन.