बीएस्सीनंतर चौथीचा वर्ग? जरूर, पण आधी त्या वर्गात बसून ये

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतची. नाशिकच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. एनएसएसच्या शिबिरात दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या मुलांना सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब देऊन ‘पेटवून दाखवा’ म्हटलं. मुलं इतकी रंगली की सुट्टीची घंटासुद्धा कुणी ऐकली नाही. (एक मुलगा म्हणाला, वीज दोन्ही बाजूंनी येते आणि बल्बमध्ये टक्कर होऊन उजेड पडतो. मी त्याला बरोबर काय ते सांगितलं.) तेव्हापासून लहान मुलांना असंच विज्ञान शिकवायचं डोक्यात आहे. बाबांची द्राक्षबाग आहे. ते म्हणतात, चौथीलाच शिकवायचं होतं तर बारावीनंतर डीएड करायचं, आता एमएस्सी कर नाहीतर एमपीएससीला बस. मी डीएलएड करू की बीएड? आणि सरकारी शाळेत असं शिकवायला वाव मिळतो का?

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू कंसात टाकली आहेस. कोणता कोर्स, कोणती परीक्षा हे पुढे सांगतेच, पण आधी त्या टक्करवाल्या मुलाबद्दल बोलू.

त्याचं उत्तर चुकीचं होतं, पण वेडगळ नव्हतं. सेलला दोन टोकं, बल्बला दोन ठिकाणी जोडणी, एका वायरनं काम होत नाही, म्हणजे दोन्हीकडून काहीतरी येत असणार. जगभरच्या मुलांना हे असंच वाटतं आणि विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकांनी ही कल्पना कधीच नोंदवून ठेवली आहे. तू बरोबर उत्तर सांगितलंस. त्यानं मान डोलावली असेल, पण टक्कर त्याच्या डोक्यात तशीच राहिली असणार. त्याऐवजी ‘तुझं खरं असेल तर वायरींची अदलाबदल केल्यावर काय व्हायला हवं?’ एवढंच विचारून पाहिलं असतंस तर? टॉर्चचा बल्ब दोन्ही प्रकारे पेटतो, म्हणजे त्याची सरशी. मग त्याच्या हातात दीड व्होल्टचे दोन सेल आणि एक लाल एलईडी द्यायचा. तो एका बाजूनंच पेटतो, उलटा लावला की नाही. नुसती टक्करच होत असेल तर बाजू बदलून फरक का पडावा? पोरगा तल्लख असला तर म्हणेल, एलईडीचीच काहीतरी खोड आहे. म्हणू दे. आता तो स्वतःच्या कल्पनेचं रक्षण करायला पुरावा शोधतोय आणि तुला हवा होता तो विज्ञानाचा तास इथून सुरू होतो. (घरातल्या प्लगच्या वाटेला जायचं नाही, तिथे 230 व्होल्ट असतात, हे मात्र पहिल्याच मिनिटाला दरडावून सांगायचं.)

म्हणून बाबांचं एक म्हणणं मला पटत नाही. चौथीला शिकवायला बीएस्सी कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांच्या डोळ्यांसमोर धडा वाचून दाखवणारी बाई असते. त्या मुलाला पुढचा प्रश्न कोणता द्यायचा हे सुचायला भौतिकशास्त्र पक्कं लागतं. तुझी तीन वर्षं वाया गेलेली नाहीत.

आता कोर्स. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीसाठी बीएड ही पात्रता धरता येणार नाही. त्या वर्गांना डीएलएड, म्हणजे आपलं जुनं डीएड, लागतं. सहावी ते आठवीसाठी बीएस्सीवर डीएलएड चालतं किंवा किमान 50 टक्के गुणांची बीएस्सी आणि बीएड. नववी-दहावीला बीएड हवंच. म्हणजे बीएस्सी झाल्यावर डीएलएड केलंस तर पहिली ते आठवी सगळं खुलं, बीएड केलंस तर सहावीपासून दहावीपर्यंत. दोन्ही कोर्स दोन-दोन वर्षांचे. डीएलएडचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, बीएडला सीईटी द्यावी लागते. पदवीनंतर डीएलएड म्हणजे एक पायरी खाली उतरणं, असं कॉलेजात लोक म्हणतील. तुला खरोखर चौथीची मुलं हवी असतील तर ते बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दे. सहावी-सातवी चालणार असेल तर मात्र बीएड कर, त्यात पुढे हायस्कूलची वाटही उघडी राहते.

कोर्स पुरा झाला की टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी 150 गुण आणि खुल्या गटाला 60 टक्के लागतात. डीएलएडवाल्यांनी दोन्ही द्यावेत. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञानाचे 60 गुण आहेत, तिथे तू पुढे असशील. बालमानसशास्त्राचे 30 आणि दोन भाषांचे 60 मात्र हलक्यात घेऊ नकोस. त्यानंतर शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे सरकारची ऑनलाइन शिक्षकभरती. भरती कधी निघेल याचा भरवसा कुणीच देऊ शकत नाही आणि बाबांची काळजी इथे अगदी रास्त आहे. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून प्राथमिकला महिना 16,000 रुपये मानधन मिळतं. वेतनश्रेणी त्यानंतर सुरू होते. खासगी शाळांचं काय सांगावं? नाशिकमध्ये त्या पुष्कळ आहेत आणि पगार विचारल्याशिवाय कुठेही होकार देऊ नये, एवढंच सांगते.

वाव मिळतो का, या प्रश्नाचं उत्तर कागदावर एक आहे आणि वर्गात दुसरं. शिक्षण हक्क कायद्याच्या 29व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषणातून शिकणं असं स्वच्छ लिहिलेलं आहे. आपल्याकडे तर ज्ञानरचनावाद (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं, ही कल्पना) हा शब्द एवढा रुळला की काही शाळांनी फरश्या रंगवल्या आणि काम झालं असं समजल्या. वर्गात मात्र पट असतो, ऑनलाइन भरायच्या माहित्या असतात, दोन शिक्षकी शाळा असेल तर समोर एकाच वेळी दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागाकडे गेलीस तर मुलांची घरची भाषाही वेगळी असेल. नुसत्या उत्साहावर हे वर्षभर निभत नाही.

यासाठी होशंगाबादचा इतिहास जरूर वाच. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात 1972 मध्ये 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवणं सुरू झालं, पुढे एकलव्य संस्थेनं ते वाढवलं. मुलं गटात प्रयोग करायची, निष्कर्ष स्वतः काढायची आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची. शेकडो सरकारी शाळांत पोहोचलेला हा कार्यक्रम 2002 मध्ये राज्य सरकारनं बंद केला. माझ्या मते त्यातून नव्या शिक्षकानं घ्यायची गोष्ट म्हणजे, परीक्षापद्धतही बदलावी लागते हे त्या लोकांनी ओळखलं होतं. तुला परीक्षा बदलता येणार नाही, पण आपल्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम ही साधनं आहेतच. बहुतेक शाळांत ते रकाने वर्षअखेरीला बसून भरले जातात. तू ते खरे भर. मुख्याध्यापकांना किंवा आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना दाखवायला तेच कामी येईल.

आणि साहित्य नाही ही सबब तुझ्या तालुक्यात तरी चालणार नाही. एक मीटरची काठी मैदानात उभी कर. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ असं मुलं आणि बरेच शिक्षकही ठामपणे सांगतात. दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खुणावलं की कळतं, सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडतच नाही. आपल्याकडे ती साधारण साडेबाराच्या आसपास पडते. आपलं घड्याळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, 82.5 अंश पूर्व रेखांशाचं आणि आपण 74 च्याही अलीकडे, पश्चिमेला, त्याचा हा फरक. मुलांनी आणखी महिनोन्‌महिने मोजलं तर दिसेल की ही वेळसुद्धा मागेपुढे सरकते. डिसेंबरच्या अखेरीला ती आखूड सावलीही सुमारे 95 सेंटिमीटर असते, 21 मार्चच्या सुमाराला 36. नाशिक 20 अंश उत्तरेला असल्यानं सावली नाहीशी होते ती मे महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला. एकदा सुट्टी, एकदा पाऊस! तरी जूनमध्ये शाळा उघडल्यावर ढगांतून ऊन पडलं तर धावत बाहेर जायचं, कारण तेव्हा माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. हे कुणी आधी सांगायचं नाही. एखादी मुलगी ‘बाई, काठी चुकली’ म्हणेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड, आणि ते कोणत्याही कोर्सात दोन वर्षांत पुरतं शिकवलं जात नाही.

तुमच्या घरी द्राक्षांची शुगर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असेलच. सहावी-सातवीच्या मुलांना मिठाच्या पाण्यात द्राक्षमणी सोडायला लाव, मीठ थोडंथोडं वाढवत जा आणि कोणते मणी आधी वर येतात, त्यांची साखर किती, हे त्यांनाच मोजू दे. बागायतदारांची पोरं ब्रिक्स हा साखरेच्या मापाचा शब्द तुझ्याआधी सांगतील. वर्षाकाठी विज्ञान प्रदर्शनात येणाऱ्या थर्माकोलच्या ज्वालामुखीपेक्षा हे शंभरपटीनं बरं.

वाचायला आणि पाहायला पुष्कळ आहे. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांचं बरंचसं साहित्य मराठीतही फुकट मिळतं. पुण्याचं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे नियतकालिक लाव. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञानशिक्षण या विषयात पीएचडीही होते, म्हणजे शाळेत न जाताही या क्षेत्रात राहण्याची एक वाट आहे, आणि तिथे तुझी एमएस्सी उपयोगी पडेल. गावोगाव प्रयोग घेऊन फिरणाऱ्या संस्थाही असतात, पण त्यांचं काम एका दिवसाच्या भेटीचं. तुला तीच मुलं वर्षभर हवी आहेत का, हे तुलाच ठरवावं लागेल.

ते ठरवण्यासाठी शिबिरातला एक दिवस पुरेसा नाही. पाहुणी आली की सगळीच मुलं रंगतात. परीक्षा संपल्यावर जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा पिंपळगावच्या किंवा जवळच्या एखाद्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी काढ आणि तिसरी-चौथीच्या वर्गात महिनाभर रोज मदतनीस म्हणून जा. पहिला आठवडा नुसती मागे बस. नंतर आठवड्यातून दोन तास परिसर अभ्यास घे, त्यांच्याच पुस्तकातला, त्यांच्याच क्रमानं. मुलांनी विचारलेले प्रश्न रोज वहीत उतरव. चौथ्या आठवड्यातही, गोंगाट आणि माहित्या भरणं पाहूनसुद्धा, सकाळी जावंसं वाटलं तर डीएलएड. मोठ्या मुलांशी जास्त जमतंय असं दिसलं तर बीएड. यातलं काहीच नको झालं तर एमएस्सी आहेच. मात्र डीएलएड आणि बीएडच्या प्रवेशाच्या, सीईटीच्या अर्जांची मुदत महिना पुरा होण्याआधीच संपू शकते, म्हणून त्या वर्षीच्या माहितीपुस्तिका पाहून डीएलएड, बीएड, एमएस्सी असे तिन्हीकडचे फॉर्म भरून ठेव, रद्द करणं सोपं असतं.

बाबांशी बोलताना ‘आवड’ हा शब्द कमी वापर. बागेला पहिलं पीक यायला किती काळ थांबावं लागतं हे ते जाणतात. त्यांच्यासमोर हिशेब मांड : दोन वर्षं कोर्स, त्यानंतर टीईटी आणि भरतीसाठी दोन वर्षांची मुदत, तोवर खासगी शाळेत नोकरी. त्या मुदतीत काही हाती आलं नाही तर काय करायचं, हेही आत्ताच त्यांच्यासोबत बसून ठरवा. आणि रिफ्रॅक्टोमीटर मागायचा असेल तर हंगाम संपल्यावर माग.