पाईनच्या बिया पक्षी पेरतात हे खरंय की फेकाफेकी?

खरंय, पण सगळ्या पाईनचं असं नाही. बहुतेकांच्या बीला पातळ पंख असतो, शंकू उघडला की वाऱ्यावर भिरभिरत जाते, विषय संपला. अमेरिकेत रॉकी पर्वतातल्या व्हाइटबार्क पाईनची भानगड वेगळी आहे, त्याचं बी वाटाण्याएवढं, बिनपंखाचं आणि शंकू आपणहून उघडतच नाही. मग तिथे क्लार्क्स नटक्रॅकर येतो, कावळ्याच्याच खानदानातला राखाडी पक्षी, चोचीने शंकू फोडतो आणि बिया जिभेखालच्या पिशवीत भरतो, एका खेपेत शंभराच्या आसपास सहज मावतात, गळा असा फुगतो की वाटतं तोबरा भरलाय. मग थोड्या थोड्या करून मातीत 2-3 सेंटीमीटर खोल पुरतो, सीझनमध्ये हजारो, आणि नंतर बर्फाखालूनसुद्धा बरोबर शोधून काढतो (मला घरात चष्मा सापडत नाही). ज्या खायच्या राहतात त्यांचीच झाडं होतात.

खारी पण शंकू तोडून ढीग लावतात आणि यलोस्टोनमधली ग्रिझली अस्वलं तो आयता साठा उकरून खातात, बियांत निम्मी चरबीच, हिवाळी झोपेआधी अजून काय पाहिजे! पीक चांगलं आलं की अस्वलं वर डोंगरातच राहतात, माणसांच्या वाटेला कमी येतात.

पण आता झाडंच मरतायत, युरोपातून रोपांबरोबर आलेली ब्लिस्टर रस्ट बुरशी आणि वर साल पोखरणारे भुंगे, म्हणून 2022 मध्ये अमेरिकेने त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं. झाडं फारच विरळ झाली की नटक्रॅकर तिकडे फिरकतच नाही, मग पेरणार कोण?