वाचकांचे प्रश्न : पन्हाळ्यावरचं यान आणि सुखोईची लेसर तोफ

प्रश्न : दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितो आहे. परग्रहावरचं यान पन्हाळ्यावर येऊन थांबतं आणि लोहगावहून निघालेलं सुखोई-३० ते लेसर तोफेनं पाडतं. सुखोईवर अशी तोफ नाही हे ठाऊक आहे. पण जाणकार वाचकाला खटकू नये म्हणून काय सांभाळावं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी तोफेची जागा ठरवा. पोटाखाली लटकवू नका. यानाभोवती वळसा घेताना विमान आतल्या बाजूला कलतं, त्याची पाठ यानाकडे होते आणि पोटाखालच्या तोफेसमोर स्वतःचाच पंख येतो. सुखोईच्या पाठीवर कॉकपिटमागे एअरब्रेक, म्हणजे वेग कमी करायला वर उघडणारी फळी, असतो. तो काढून तिथे ३० सेंटिमीटर आरशाचा फिरता घुमट बसवा. नेम मागच्या सीटवरचा अधिकारी धरेल. विमान यानापेक्षा थोडं खालून उडू द्या, म्हणजे चुकलेला झोत आभाळात जाईल, जोतिबाच्या डोंगरावर नाही.

लेसर फायबरचा घ्या, म्हणजे काचेच्या तंतूत विजेच्या जोरावर झोत तयार करणारा. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेनं बोइंग ७४७ मधून लेसरनं उडतं क्षेपणास्त्र पाडलं होतं, पण तो रासायनिक लेसर होता आणि त्याला अख्खं मालवाहू विमान लागलं.

आता आकडे. झोत १०० किलोवॉटचा हवा असेल तर वीज साधारण ३०० किलोवॉट द्यावी लागते. उरलेले २०० किलोवॉट नुसती उष्णता. दहा सेकंदांच्या एका माऱ्याला लागणारी वीज घरच्या मीटरवर एक युनिटही भरणार नाही. ती दहा सेकंदांत ओतणं हेच अवघड, म्हणून वेगानं रिकामी होणारी दहा युनिटची लिथियम बॅटरी लिहा. खरी कटकट उष्णतेची आहे. थंड करायला २० लिटर पाणी ठेवलं तर एका माऱ्यात ते सुमारे २४ अंशांनी तापतं. तीस अंशांपासून सुरुवात केली तर दुसऱ्या माऱ्यानंतर ते ७८ वर पोचतं, तिसऱ्यात उकळतं. कथेतला ताण इथेच आहे : वैमानिकाकडे दोनच मारे आहेत, मग थांबायचं.

विमान कोल्हापूर शहरावर आणि यान पन्हाळ्यावर, म्हणजे अंतर वीसेक किलोमीटर धरू. स्वच्छ हवेतही झोताचा ठिपका तिथे १६ सेंटिमीटर रुंद होतो. तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमला भोक पडायला आठ ते सोळा सेकंद लागतील, तेही ठिपका एकाच जागी राहिला तर. नेम एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतका जरी हलला तरी ठिपका १७ सेंटिमीटर सरकतो आणि तापलेली जागा पुन्हा गार होते. घुमटावरून वाहणारी खळबळती हवा नेम असाच हलवत राहते. मागे वळून मारताना हा त्रास सर्वाधिक, म्हणून यान विमानाच्या बाजूला ठेवा.

यानाच्या रोखानं सरळ जात मारा केला तर झोत त्याच त्या हवेतून जातो, ती तापते आणि झोत फाकतो. ताशी ९०० किलोमीटरनं २० किलोमीटर त्रिज्येचा वळसा घेतला की ताजी हवा मिळते. त्यासाठी विमान अठराएक अंश कलतं करावं लागतं.

कथा पावसाळ्यात घडवू नका. जुलैत पन्हाळा ढगात असतो आणि ढगातले थेंब झोत विखरून टाकतात. आणि ती लाल रेघ कृपया नको! हा प्रकाश अवरक्त असतो. रंकाळ्यावर उभ्या माणसाला काही दिसणार नाही, आवाजही विमानाचाच ऐकू येईल.

प्रश्न : यान खाली उतरलंच नाही, अवकाशातच राहिलं, तर लढाऊ विमानाचा काही उपयोग?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : विमानाचा नाही, त्यानं सोडलेल्या क्षेपणास्त्राचा आहे. सुखोई साधारण १७ किलोमीटरपर्यंत चढतं. अवकाश १०० किलोमीटरपासून धरतात. पण १३ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकेच्या एफ-१५ नं वर झेपावत सोडलेल्या क्षेपणास्त्रानं ५५५ किलोमीटरवरचा सोलविंड उपग्रह फोडला, तोही स्फोटकाविना, नुसत्या धडकेनं. त्या उपग्रहाची कक्षा आधीच माहीत होती. वाट बदलणाऱ्या यानावर असा नेम लागणार नाही. ते कक्षा का बदलत नाही, याचं कारण कथेत आधीच पेरावं लागेल.