कासच्या पठारावर पाऊलवाट कशासाठी?

प्रश्न : कासला फुलांच्या दिवसांत आखून दिलेल्या वाटेवरूनच चालावे लागते. निसर्ग जवळून पाहायला आलेल्या माणसाला असे आडवून काय साधते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कासचे पठार जांभ्या दगडाचे आहे आणि त्या कातळावरची माती पुष्कळ ठिकाणी बोटाच्या पेराएवढीही जाड नाही. पावसाळ्यात कातळाच्या उथळ खोलगटांत पाणी साचते आणि गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशा वनस्पती त्या ओलाव्यावर उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. यांतल्या बहुतेकींचे आयुष्य एका हंगामापुरतेच असल्याने, बी धरण्याआधी रोप पायाखाली गेले तर पुढच्या वर्षीची तेवढी पेरणी बुडते. शिवाय सतत पावले पडून माती दबली की पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि सोबत मातीही नेते. एकट्यादुकट्याच्या फिरण्याने एवढे बिघडत नाही. पण २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारसा मानले, त्यांत कास आले, आणि रविवारची गर्दी हजारांत गेली. ही गर्दी पठारभर पांगण्यापेक्षा एकाच पट्ट्यातून चालली, तर झीज त्या पट्ट्यापुरतीच राहते आणि बाकीचे पठार मोकळे राहते.

कुंपणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मध्यंतरी पठाराला जाळीचे कुंपण घातले होते. गुरांची चराई थांबल्याने गवत माजते आणि बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, हा त्यावरचा आक्षेप मला पटणारा होता. पुढे ते काढले, हे योग्यच झाले. आज आसपासच्या गावांची समिती वन विभागाच्या सोबतीने प्रवेशशुल्क, रोजच्या पर्यटकांची मर्यादा आणि राखण सांभाळते. वाटेवर तुम्हाला हटकणारा माणूस बहुधा त्याच गावांतला असतो, आणि पठार टिकण्यावर त्याच्या घरचे उत्पन्नही अवलंबून असते, हे कृपया ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मुलांना घेऊन जायचे आहे. फुलांच्या गालिच्यापलीकडे काय दाखवावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एक साधे भिंग जवळ ठेवा आणि वाटेच्या कडेलाच उकिडवे बसा. दवबिंदूच्या पानांवरच्या केसांच्या टोकांशी चिकट थेंब असतात. त्यांत अडकलेले चिलट बऱ्याचदा दिसते. सीतेची आसवे हीसुद्धा कीटकभक्षीच, परंतु तिचे सापळे ओल्या मातीत दडलेले बारीक फुगे असतात, म्हणून ते उपटून न दाखवता नुसते सांगावे. मुले चालणारी असतील, तर कुमुदिनी तळ्यापर्यंतही जा. तिथे पाण्यावर पांढरी, झालरीच्या पाकळ्यांची फुले असतात. शक्यतो सप्टेंबरमधला कामाचा दिवस निवडा आणि नोंदणी आधीच करून ठेवा.