घरघंटी घेतल्याने खरंच फरक पडतो का, की गिरणीतूनच दळण आणावं?

तुम्ही लिहिलंय की घरात माणसं तीन, त्यातलं एक दीड वर्षाचं, महिन्याला आठ-दहा किलो गहू लागतो, गिरणी इमारतीच्या खालीच आहे आणि तरी घरघंटीचा मोह सुटत नाही. आधी मीच विचारतो: भाकरी किती वेळा करता?

नुसत्या गव्हासाठी घेणार असाल तर मी नको म्हणेन. गव्हाचं पीठ कोरड्या डब्यात महिनाभर निवांत राहतं. गिरणीवाल्याला सांगायचं की गव्हावर गहू टाका, आधी बेसन काढलं असेल तर थांबतो. झालं काम.

घरघंटी वसूल होते ती ज्वारी-बाजरीवर. मी बार्शीकडचा, आता नाशिकला राहतो, आणि आमच्याकडे रविवारचं दळण माझ्याकडे असतं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. भाकरी वळते ती पिठाच्या विरीवर, म्हणजे चिकटपणावर. पीठ शिळं झालं की विरी जाते. थापताना कडा चिरतात, तव्यावर टाकायला उचलली की बोटांतूनच तुकडा गळतो. मग उकळतं पाणी घाला, उकड काढा, असली मलमपट्टी सुरू. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी भाकरी तुटते म्हणून आईला फोन केला, तर पाणी किती, तवा कसा, काही न विचारता तिचा एकच सवाल, "पीठ कधीचं हाय?" तीन आठवड्यांचं होतं. ज्वारी मालदांडीच होती हो, नावाजलेलं वाण, पण मालदांडी असून काय उपयोग!

बाजरीचं त्याहून वाईट. दाण्यात स्निग्धांश जास्त, दळला की हवा लागून लवकर खवट होतो. उन्हाळ्यात तर आठवड्याभरात पीठ कडवट लागायला लागतं. आमच्या आज्या पहाटे उठून रोजचं रोज दळत, त्यामागे हेही एक कारण होतं. आता मी दोन किलो ज्वारी आणि किलोभर बाजरी दळतो, आठवड्यात संपवतो. तीन किलोसाठी दर रविवारी गिरणीत जाऊन नंबर लावणं माझ्याच्याने झालं नसतं.

आता पिठाच्या दर्जाबद्दल. बहुतेक घरघंट्यांच्या आत दगडी जातं नसतं. पाती गरगर फिरतात, दाणा आपटून फुटतो आणि जाळीतून खाली पडतो. गिरणीच्या दगडात पीठ रगडलं जातं, तापतं, त्यातला स्टार्च जास्त मोडतो, म्हणून ते पाणी जास्त पितं आणि पोळी मऊ होते. घरच्या पिठाची पोळी पहिल्या महिन्यात कडक झाली तर यंत्राला शिव्या देऊ नका. कणीक जरा सैल भिजवा आणि अर्धा तास मुरू द्या. कोंडा मात्र चाळून फेकू नका. गव्हाच्या दाण्यात कोंडा आणि अंकुर मिळून साधारण 17 टक्के भरतात, आणि घरी दळण्याचं निम्मं कारण तेच आहे.

जाळ्यांचे नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे, माहितीपुस्तिका जपून ठेवा. भाजणीला किंचित जाड, बेसनाला बारीक, लापशीला भरड. शेंगदाणे आणि तीळ यात टाकायचे नाहीत, जाळी तुपकट होऊन बसते. माझी फजिती याहून साधी. दिवाळीत थालिपिठाची भाजणी भाजली आणि घाईत कोमट असतानाच ओतली. पाच मिनिटांत आवाज बदलला, घरघर जाऊन घुसमटल्यासारखं झालं. उघडून पाहतो तर वाफ धरून जाळीवर पिठाचा पापड बसलेला. ब्रशने निघेना, शेवटी लाकडी उलथन्याने खरवडला. भाजणी हाताला पूर्ण गार लागली पाहिजे, शक्यतो रात्रभर पसरून ठेवावी. पावसाळ्यात गव्हालाही दोन तास ऊन दाखवा. ऊन नसेल तर पंख्याखाली पसरा.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. वर्षाचं धान्य भरताना त्यात पाऱ्याच्या टिकड्या टाकायची पद्धत अजून आहे. टिकड्यांची पुरचुंडी फुटली आणि एखादी दाण्यांत मिसळून दळली गेली, तर पारा थेट पोटात जाईल. मी टिकड्या वापरणंच सोडलं, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतो. निवडणं, पाखडणं काही घरघंटीने वाचत नाही. खडा गेला की ‘कट्‌’ असा आवाज येतो आणि पोटात गोळा येतो, इतकंच सांगतो.

विजेची काळजी करू नका. 1 एचपीची मोटर म्हणजे तासाला पाऊण युनिट, आणि पाच किलो गव्हाला तासाच्या आतच लागतं. काळजी आवाजाची करा. रविवारी सकाळी साडेसातला मी सुरू केली तेव्हा खालच्या काकू वर आल्या होत्या. आता खाली रबरी पट्टी आहे आणि वेळ अकराची.

बाळाच्या नाचणीसाठी यंत्र लागत नाही. पावशेर नाचणी मिक्सरला थांबत थांबत फिरवा, भांडं तापलं की थांबा, चाळा आणि वर उरलेलं परत फिरवा. रोजच्या पिठाला मिक्सर पुरणार नाही, जळेल.

आठवड्यातून तीनदा तरी भाकरी होत असेल तर घ्या. दुकानात दाखवायला गहूच दळतात, कारण तो कुठलंही यंत्र दळतं. तुम्ही घरून किलोभर बाजरी घेऊन जा, ती दळून घ्या आणि पीठ चिमटीत चोळून बघा. मग झाकण उघडायला लावून जाळी तुमच्या हाताने काढा आणि कोपऱ्यात बोट फिरवा. बोट घालता आलं नाही, तर तिथे पीठ साठून महिन्याभरात अळ्या होणार हे धरून चाला आणि दुसरं मॉडेल बघा.